वडिलांच्या नावची शेतीसंरक्षणाची बंदूक : ते गेल्यावर परवान्याचं आणि बंदुकीचं काय करायचं?

माडबागायत (प्रश्न)

गाव सावंतवाडी तालुक्यात. वडिलांच्या नावावर शेतीसंरक्षणाचा परवाना होता. त्यावर दोन हत्यारं नोंदलेली आहेत, एक आजोबांच्या वेळची ठासणीची (तोंडातून दारू-छरे ठासून भरायची) आणि एक बारा बोरची एकनळी काडतुसाची. वडील तीन महिन्यांपूर्वी वारले. परवान्याच्या पुस्तकात मुदत अजून दोन वर्षांची दिसते. दोन्ही बंदुका गावच्या घरी माळ्यावर आहेत, सोबत नऊ काडतुसं, बंदुकीच्या दारूचा पत्र्याचा डबा आणि केपांची (दारू पेटवणाऱ्या टोप्यांची) डबी.

वारस आम्ही चौघं : आई (गावी), मी (ठाणे), धाकटा भाऊ (गावी, बागायत तोच बघतो) आणि बहीण (लग्न होऊन गोव्यात).

मुदत शिल्लक आहे तोवर भावाने बंदूक वापरली तर चालेल का? माकडं आणि डुकरं थांबत नाहीत. नाही तर दोन्ही बंदुका गाडीतून ठाण्याला आणून माझ्या कपाटात ठेवू का? काकांचं म्हणणं, "ती ठासणीची मोडकी आसा, तिका कसलो परवानो?" तिचा घोडा खरोखरच सैल झालाय. परवाना भावाच्या नावावर करायचा तर सुरुवात कुठून करायची? शिवाय दर निवडणुकीला बंदूक पोलीस ठाण्यात अडकते, ते भावालाही लागू होणार का?

गृहशाखा_टेबल३

आधी मुदतीबद्दल. परवाना माणसाला दिलेला असतो, बंदुकीला नाही आणि घरालाही नाही. वडील गेले त्या दिवशी तो संपला. पुस्तकात पुढची तारीख छापलेली असली तरी तिचा आता उपयोग नाही. भावाने उद्या बंदूक खांद्याला लावली तर ते विनापरवाना हत्यार बाळगणं होतं. शस्त्र अधिनियम १९५९, कलम २५ (१-ब)(अ). २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद अधिक दंड आहे. "बापाचीच होती" हा बचाव नाही.

बंदुकीची मालकी मात्र वारसांकडे येते, जशी जमिनीची येते. गोंधळ होतो तो इथेच. मालक तुम्ही चौघं आहात, पण ताब्यात ठेवायचा अधिकार आज चौघांपैकी एकालाही नाही. अशा वेळी काय करायचं ते कलम २१ मध्ये आहे : विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक बंदूक विक्रेत्याकडे जमा करणे. जमा केल्याने मालकी जात नाही. ठरलेल्या मुदतीत वारसाला परवाना मिळाला तर बंदूक परत मिळते, नाही तर ती विकून पैसे घेता येतात. मुदत टळली तर जिल्हादंडाधिकारी सरकारजमा करण्याचा आदेश काढू शकतात, पण त्याआधी लेखी नोटीस देऊन ३० दिवसांत म्हणणं मागवावं लागतं. ही नोटीस नोंदीतल्या पत्त्यावर जाते. म्हणून जमा करण्याच्या अर्जात गावचा आणि ठाण्याचा असे दोन्ही पत्ते आणि मोबाइल क्रमांक लिहा. वडिलांच्या नावाने गावच्या पत्त्यावर आलेलं पाकीट पोस्टमन "मयत" शेरा मारून परत नेतो आणि बंदूक गेल्याचं घरच्यांना दोन वर्षांनी कळतं, हे वारंवार होतं.

ठाण्याला आणायचा विचार सोडा. परवानाधारकाच्या हजेरीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याने दुरुस्तीला वा नूतनीकरणाला बंदूक नेण्याची सवलत कलम ३ मध्ये आहे, पण तो धारक हयात असावा लागतो. तुमच्या गाडीत सापडली तर तुमच्याकडे दाखवायला काहीच कागद नसेल.

आता करायचं काय. आई किंवा भावाच्या सहीने पोलीस ठाण्याला अर्ज : परवानाधारक अमुक तारखेला मयत, परवाना क्रमांक, यूआयएन (राष्ट्रीय नोंदणीतला परवान्याचा ओळख क्रमांक), दोन्ही हत्यारांचं वर्णन, काडतुसं नऊ, दारू आणि केपा, ताब्यात घेऊन पोहोच द्यावी. सोबत मृत्यूचा दाखला आणि परवान्याची झेरॉक्स. मूळ पुस्तक मागितल्याशिवाय देऊ नका, आणि दिलं तर त्याचीही पोहोच घ्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख. तीन महिने का लागले ते एका वाक्यात खरं ते लिहा. दिवसकार्य, कागद शोधणं, जे असेल ते. लपवून ठेवलं असं दिसू नये एवढंच.

भावाने बंदूक खांद्यावर टाकून पोलीस ठाण्यात चालत जाऊ नये. आधी अर्ज द्यावा, बीट अंमलदार घरी येऊ दे, पोलीस पाटलांना सोबत बोलवा आणि घरीच पंचनामा करून घ्या.

नळी_आणि_दस्ता

वरचं सगळं बरोबर. पण पंचनाम्याआधी कोणी तरी उत्साहाने माळ्यावरून बंदुका उतरवणार, आणि अपघात होतो तो तेव्हाच.

ठासणीची बंदूक रिकामी आहे असं धरून चालू नका. पिकाच्या दिवसांत ठासून ठेवायची पद्धत अनेक घरांत असते. काळी दारू जुनी झाली म्हणून निकामी होत नाही. नळीत कोंडलेली, वरून बोळा घट्ट बसलेला असेल तर वर्षानुवर्षं जिवंत राहते. तोंडातून पाणी ओतून भिजवायचा गावठी उपाय फसवा आहे, कारण पाणी बोळ्यावर अडतं आणि मागची दारू कोरडीच राहते.

ओळखायचं असं. बार भरलेला नसेल तर गज (बार ठासायची सळई) नळीत टाकल्यावर थेट बुडापर्यंत, म्हणजे केप बसते त्या निपलाच्या पातळीपर्यंत जातो. नळीच्या तोंडाशी गजावर खूण करतात, गज बाहेर काढून नळीच्या बाजूने धरतात. टोक निपलाच्या चार-पाच बोटं अलीकडेच थांबलं तर आत बार आहे. हे काम पोलिसांच्या शस्त्रागारातल्या माणसाने किंवा बंदूक दुरुस्ती करणाऱ्याने करायचं. तुम्हाला सांगतोय ते एवढ्यासाठी की पंचनाम्याच्या वेळी "गज टाकून बघितला का?" असं विचारता यावं. बार निघाला तर तो उपसायचं कामही त्यांचंच.

तुम्ही लिहिलंत की घोडा सैल आहे. हे हत्यार मोडकं असल्याचं नाही, जास्त धोक्याचं असल्याचं लक्षण आहे. निपलावर केप असेल आणि घोडा तिच्यावर टेकलेला असेल तर चाप ओढायचीही गरज नाही. बंदूक माळ्यावरून निसटून घोड्यावर आपटली तरी बार उडतो. केप काढायला घोडा उचलावा लागतो, आणि सैल घोडा अंगठ्यातून सुटतो. तेव्हा ती आहे तशीच राहू दे. नळीच्या तोंडासमोर कोणी उभं राहू नये, माळ्याची शिडी काढून ठेवा, आणि अर्जात स्पष्ट लिहा : "बंदूक भरलेली आहे किंवा कसे याची खात्री नाही."

बारा बोरचं सोपं आहे. वरचा खटका बाजूला दाबला की नळी खाली झुकते आणि बुडाशी काडतूस असेल तर पितळेची कड दिसते. कोकणातल्या दमटपणात कागदी काडतुसं फुगून आत अडकतात. अडकलेलं काडतूस पुढून गज घालून ठोकू नका, नळीचं तोंड तुमच्याच दिशेला असतं. पितळेवर हिरवा थर चढलेली काडतुसं "उडवून संपवू" असंही कोणी सुचवेल. तेही नको. नऊच्या नऊ मोजून, बुडावरचा छाप आणि छऱ्याचा नंबर लिहून पंचनाम्यात जाऊ देत. दारू आणि केपांचं तसंच. चुलीत, विहिरीत, शेणकईत काही टाकायचं नाही.

काकांच्या मुद्द्यावर : कायद्यात कलम ४५ (क) आहे खरं. जुन्या बनावटीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा नादुरुस्त हत्यार, जे *दुरुस्त करूनही किंवा न करताही* बंदूक म्हणून वापरता येत नाही, त्याला परवाना लागत नाही. सगळं वजन त्या "दुरुस्त करूनही" वर आहे. सैल घोडा ही अर्ध्या तासाची दुरुस्ती आहे. नळी फाटलेली, बूड उडालेलं, निपलाचं आटं संपूर्ण गेलेलं असेल तर वेगळी गोष्ट, आणि तेही घरच्यांनी ठरवायचं नसतं, तपासणीचा लेखी अहवाल लागतो.

फेरफार_वकील

परवाना भावाच्या नावावर करायचा विचार योग्य आहे, आणि ठाणे शहरात राहणाऱ्या तुमच्यापेक्षा तोच योग्य अर्जदार आहे. शेतीसंरक्षणाच्या परवान्यात आधी बघतात की जमीन कोण कसतो आणि राहतो कुठे. कलम १३ (३) मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक हा मूळ नियम आहे. ठासणीची पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसरी गुळगुळीत नळीची, म्हणजे तुमची बारा बोर, त्या कारणासाठी देता येते. तेव्हा भावाने दोन्ही मागितल्या तर "ठासणीची असताना काडतुसाची कशाला?" हा प्रश्न येणार. उत्तर अर्जातच द्या : किती क्षेत्र, कोणतं पीक, किती कलमी झाडं, नुकसानीचे वन विभागाचे पंचनामे झाले असतील तर त्यांच्या प्रती. "माकडांचा त्रास आहे" एवढ्याने भागत नाही.

शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ मध्ये वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. वारस म्हणून रांग थोडी सोपी होते, पण पात्रता माफ होत नाही. वय २१ पूर्ण, पोलीस अहवाल, वैद्यकीय दाखला, हत्यार हाताळणीचं प्रशिक्षण, सगळं नव्या अर्जदारासारखंच. २०१९ पासून एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका, आणि वारसाने आलेल्याही त्यातच मोजतात. भावाकडे आधीचं काही नसेल तर दोन्ही बसतात.

क्रम असा ठेवा. पहिली वारसनोंद. मृत्यूच्या दाखल्यावर ई-हक्क प्रणालीतून किंवा तलाठ्याकडे अर्ज, मग हरकतीसाठी नोटिशीचे १५ दिवस, मग फेरफार मंजूर. सातबारावर भावाचं नाव नसताना परवान्याचा अर्ज टाकला की तो त्रुटीत परत येतो, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. दुसरं, बाकीच्या तिघांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं. त्यात "हरकत नाही" एवढंच न लिहिता दोन्ही हत्यारांचे क्रमांक परवान्याबरहुकूम लिहा. बहिणीचं गोव्यात नोटरीसमोर झालेलं चालतं, पण मूळ कागद पाठवायचा, व्हॉट्सअॅपवरचा फोटो नाही. तिसरं, नमुना ए-१ चा अर्ज. तो शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय एनडीएएल-एएलआयएस पोर्टलवर भरून त्याची प्रत सह्यांनिशी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत द्यायची. म्हणजे ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्यालयी. सोबत फोटो, ओळख आणि रहिवासाचे पुरावे, सातबारा, आठ-अ, वडिलांचा परवाना, पोलीस ठाण्याची जमा पावती, नमुना एस-३ चा वैद्यकीय दाखला आणि एस-१ चं प्रशिक्षण प्रमाणपत्र.

एस-३ साध्या फिटनेस सर्टिफिकेटसारखा नाही. मानसिक आणि शारीरिक स्थिती आणि व्यसनाधीनता नसल्याचा स्पष्ट उल्लेख लागतो. डॉक्टरांनी लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या तर नाकारतात, नमुना छापूनच न्या. एस-१ साठी कोणत्या संस्थेचं प्रमाणपत्र धरतात ते गृह शाखेत आधी विचारा, नाही तर फी भरून कोर्स केलेला वाया जातो.

नियमाप्रमाणे पोलीस अहवालाला ३० दिवस आणि अहवाल आल्यावर निर्णयाला ६० दिवस. प्रत्यक्षात फाइल बीट अंमलदाराकडे चौकशीला पडून राहते. महिन्यानंतर पोलीस ठाण्यात जाऊन जावक क्रमांक विचारा. तो मिळाला की पुढच्या टेबलावर बोट ठेवून विचारता येतं. नाकारलं तर कारणं लेखी मागा, कलम १४ (३). मागणीवर ती द्यावी लागतात, सार्वजनिक हिताचा अडसर असल्याचं अधिकाऱ्याचं मत असेल तेवढा अपवाद. अपील विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे नवी मुंबईतल्या कोकण भवनला, ३० दिवसांत.

जाता जाता, वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी : त्याच नियम २५ प्रमाणे धारक ७० वर्षांचा झाला किंवा २५ वर्षं बंदूक बाळगून झाली, यांतलं जे आधी होईल तेव्हा, तो हयात असतानाच नामनिर्देशित वारसाच्या नावावर परवाना मागता येतो. घरात सत्तरी उलटलेले धारक असतील तर बसून राहू नका. त्यांची एक सही आज मिळते, नंतर तिच्या जागी चार प्रतिज्ञापत्रं लागतात.

शॉपलायसन्स

गृहशाखा यांच्या म्हणण्यात एक भर. शक्य असेल तर बारा बोर पोलीस ठाण्यात न ठेवता विक्रेत्याकडे ठेवा. मुद्देमाल खोलीत बंदुका भिंतीला टेकवून, एकीवर एक अशा उभ्या असतात. कोकणातला एक पावसाळा तेल न लावता गेला की नळीत आतून गंज धरतो आणि खड्डे पडतात. बाहेरून पॉलिश मारता येतं, आतल्या खड्ड्यांचं काही करता येत नाही, आणि अशी नळी काडतुसाच्या दाबाखाली फुगते किंवा फाटते. विक्रेता भाडं घेतो, पण तेल-कापड करतो. वारसांनी विकायचं ठरवलं तरी तिथूनच विकता येते.

गृहशाखा_टेबल३

तत्त्वतः मान्य, पण सावंतवाडीहून विक्रेत्यापर्यंत नेणार कोण आणि कोणत्या कागदावर? आधी पोलीस ठाण्यात जमा, मग गृह शाखेला अर्ज करून विक्रेत्याकडे वर्ग करण्याची लेखी परवानगी, हा मार्ग सुरक्षित. तोवर गंजापासून वाचवायचं तर पंचनाम्यात बंदुका रिकाम्या असल्याची खात्री झाल्यावर अंमलदारांसमोरच नळीत आतून-बाहेरून तेलाचा बोळा फिरवून घ्या आणि सुती कापडात गुंडाळून द्या. प्लॅस्टिकमध्ये नको, आत घाम धरतो.

पावतीवर "बंदूक नग २" एवढंच लिहून देतात. ते घेऊन घरी येऊ नका. प्रत्येकीचा क्रमांक, बनावट, नळीची लांबी, दस्त्यावरच्या खुणा, पट्टा आहे की नाही, काडतुसांची संख्या, मुद्देमाल नोंदवहीतला क्रमांक आणि मुद्देमाल कारकुनाची सही. ठासणीच्या बंदुकीवरचा क्रमांक बऱ्याचदा हाताने ठोकलेला आणि झिजलेला असतो. परवान्यातला आणि नळीवरचा जुळत नसेल तर ते पंचनाम्यातच लिहून घ्या. परत घेताना फरक निघाला तर संशय धारकावर येतो.

यूआयएनही तपासा. वडिलांच्या परवान्यावर तो चढलेला नसेल तर २९ जून २०२० पासून तसा परवाना अवैधच धरला जातो. मग वारसाच्या अर्जात आधी तो पेच सोडवावा लागतो, अर्ज द्यायच्या आधीच गृह शाखेत बोला.

काजूबाग_रानडुक्कर

वापराबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. तो शस्त्र कायद्याचा कागद आहे. जनावराचा प्रश्न वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये आहे. उभ्या पिकाचं नुकसान करत असेल तर कलम ११ खाली अधिकृत वन अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनेच मारता येतं. त्यासाठी अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे. गवा अनुसूची एकमध्ये आहे, पिकाच्या नुकसानीसाठी त्याच्यावर बंदूक चालवायचा विचारही नको. परवानगी नसताना बंदुकीचा उपयोग एकच, हवेत बार काढून हुसकावणे. त्यासाठी छरे लागतच नाहीत, आणि फांदीवरच्या माकडाच्या दिशेने झाडलेले छरे शेजारच्या बागेत उतरतात.

परवान्यावरचा क्षेत्राचा रकाना भावाला नीट वाचायला सांगा. शेतीसंरक्षणाच्या परवान्यात बहुधा गाव किंवा तालुका लिहिलेला असतो. त्याच्या बाहेर बंदूक दिसली तर अटीचा भंग, कलम ३०. लग्नाच्या वरातीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत बार काढला आणि त्याने कोणाच्या जिवाला धोका झाला तर २०१९ पासून वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

माडबागायत

सगळ्यांचे आभार. शिडी काढायला आत्ताच फोन केला. दोन शंका. आईच्या नावावर परवाना केला तर? ती कायम घरी असते. आणि निवडणुकीचं राहिलं.

फेरफार_वकील

आईंच्या नावावर होऊ शकतो, पण मग बंदूक आईंनीच चालवायची. भावाने वापरायची आणि परवाना आईंचा, असं केलंत तर तुम्ही आज जिथे आहात तिथेच परत याल. पोलीस चौकशीत त्यांना विचारतात, बार भरता येतो का. भावाच्याच नावावर करा.

निवडणुकीचं असं. आचारसंहिता लागली की सरसकट सगळ्यांनी बंदुका जमा करा, असा आदेश काढण्याची पद्धत होती. गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ते अमान्य केलं, आणि त्यानंतर निवडणूक आयोगाने छाननी समितीची पद्धत आणली. जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक बसून परवाने एकेक करून बघतात. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळात, सापडलेले, अशांवर भर. ज्याने जमा करायची त्याला स्वतंत्र नोटीस द्यायची आणि निकालानंतर आठवड्याने बंदूक परत.

व्यवहारात मात्र पोलीस पाटलांमार्फत सगळ्यांना निरोप येतो आणि सगळे मुकाट जमा करतात. २०२४ च्या लोकसभेला आचारसंहिता १६ मार्चला लागली, मतदान ७ मेला झालं आणि निकाल ४ जूनला. काजू-आंब्याचा सगळा हंगाम त्यात गेला. भावाला परवाना मिळाल्यावर पुढच्या वेळी आचारसंहिता लागताच छाननी समितीच्या नावाने अर्ज टाका : परवाना क्रमांक, सातबारा, कोणत्या पिकाचा हंगाम चालू आहे, कोणताही गुन्हा दाखल नाही, बंदूक ठेवण्यास मुभा मिळावी. गृह शाखा आणि पोलीस ठाणे, दोन्हीकडे आवक शिक्का. तरीही व्यक्तिशः नोटीस आली तर ठरलेल्या मुदतीत जमा करायचीच. न केल्यास गुन्हा नोंदतात, आणि तो पुढच्या नूतनीकरणाच्या पोलीस अहवालात येतो. नूतनीकरण आता पाच वर्षांनी असतं, पूर्वी तीन वर्षांनी होतं.

नळी_आणि_दस्ता

जमा केलेली बंदूक परत घेताना पोलीस ठाण्याच्या दारातच नळी उघडून उजेडाकडे धरा आणि आतून बघा. ठासणीची असेल तर गज टाकून. मातीच्या भिंतीलगत ठेवलेल्या नळीत कुंभारमाशी घर करते, आणि बंद नळीत पहिला बार टाकला की नळी फाटते.